बावीस शेळ्या आणि जलद गाडी

मी नियमाचा माणूस आहे. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढं जे ऐकाल त्यात माझी चूक काढायला तुम्हाला सोपं जाईल. एकतीस वर्षं सरकारी लाल गाडीवर कंडक्टरकी केली. बिनतिकिटाचा माणूस माझ्या हातून कधी सुटला नाही. एकदा सख्ख्या सासऱ्याला तिकीट काढायला लावलं, तर ते पुढं चार वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. बायको अजून बोलून दाखवते. तर अशा माणसाला एका बाईनं तीन वर्षं, रविवार आणि सुट्ट्या सोडून, रोज सकाळी साडेनऊला भर रस्त्यात नियम मोडायला लावला. तिच्याबद्दल सांगायचंय.

तिचं नाव मला ठाऊक नाही. सगळे तिला संगीताची माय म्हणायचे. धनगराची बाई. पस्तिशीची असेल, अंगानं काटक, लुगडं वर खोचलेलं, हातात काठी आणि भवती बावीस शेळ्या. बावीस हा आकडा मी अंदाजानं सांगत नाही, तो सरकारी कागदावर आहे. ते पुढं येईलच.

तेव्हा मी धारूर-परळी गाडीवर होतो. धारूरहून निघायचं, घाट उतरायचा, तेलगावावरून सिरसाळा आणि मग परळी. तो काळ सगळं खुलं करण्याचा होता. गावोगावी फोनच्या टपऱ्यांवर पिवळे बोर्ड लागले, किराणा दुकानात शाम्पूच्या पुड्यांच्या माळा लटकल्या, आणि रस्त्यावर काळ्यापिवळ्या जीपगाड्या आल्या. नऊ माणसांच्या जागेत ते चोवीस कोंबायचे, वर टपावर आणखी सहा. आमच्या डेपोचे साहेब पुण्याला आठ दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आले आणि आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, "आता आपल्याला स्पर्धा करायचीय." स्पर्धा म्हणजे काय केलं, तर आमच्या गाडीची 'साधी' पाटी काढून 'जलद' पाटी लावली. गाडी तीच. चढाला लागली की सायकलवाला तिला मागं टाकायचा. पण पाटी जलद, म्हणून वस्त्या-वाड्यांचे थांबे रद्द. त्या रद्द थांब्यांत संगीताच्या वस्तीचा थांबा गेला.

जूनमधली सकाळ होती. वस्तीपाशी ही बाई उभी, शेजारी निळ्या-पांढऱ्या गणवेशातली पोरगी, नवं दप्तर. हात वर केलेला. ड्रायव्हर चाँदभाईंनी आरशातून माझ्याकडं बघितलं. मी दोरी दोनदा ओढली. डबल बेल. म्हणजे चला. गाडी धुरळा उडवत पुढं गेली आणि मागच्या काचेतून मला दिसलं, ती बाई गाडीकडं काठी उगारून ओरडत होती, "थांब की गं भवाने! डोळे फुटले का तुजे?"

ही तिची पहिली खोड. ती आम्हाला कधीच काही बोलली नाही. जे काही बोलायची ते गाडीला. गाडी तिच्या लेखी एक अडेल जनावर होती आणि आम्ही दोघं तिच्या अंगावरची गोचिडं. गोचिडाला कोण शिव्या देतं?

दुसऱ्या दिवशी डबल बेल. तिसऱ्या दिवशीही डबल बेल. चौथ्या दिवशी आमच्या गाडीतून रोज अपडाऊन करणाऱ्या गुरुजींनी मला गाठलं. ते सिरसाळ्याच्या शाळेत गणित शिकवायचे, पण आमच्याकडं मास्तर म्हणतात ते कंडक्टरला.

"मास्तर, ती पोरगी माझ्या वर्गात आहे. आठवीत आलीय," ते म्हणाले. "तीन दिवस मायलेकी नऊ किलोमीटर चालत आल्या. पोरगी सव्वाअकराला वर्गात येते. माय शाळेच्या भिंतीला टेकून बसते आणि संध्याकाळी तिला घेऊन परत चालत जाते."

"मग घरी का बसवत नाही एखाद्या दिवशी?" मी विचारलं.

"तीच तर गोम आहे. हिचा नवरा दिवाळीनंतर मेंढरं घेऊन गोदावरीकडं जातो. त्यानं आत्ताच सांगून ठेवलंय, ज्या दिवशी गाडी चुकली म्हणून पोरगी दारातून परत आली, त्या दिवशी शाळा संपली. पाहुणेही बघून ठेवलेत. तो नसला तरी त्याची आई ओट्यावर बसून नजर ठेवते. एक दिवस परत आली की लग्न."

"एकच दिवस?"

"एकच."

मला त्या दिवशी तिकिटं फाडताना धड सुधरलं नाही. तरी पण थांबा मंजूर नव्हता, हे मी स्वतःला समजावत होतो. नियम म्हणजे नियम, म्हणून त्या दिवशीही डबल बेल. मी गुरुजींना म्हणालो, ग्रामपंचायतीचा ठराव आणा. गुरुजींनी माझ्याकडं असं बघितलं की मी खाली बघून सुट्टे पैसे मोजायला लागलो.

पाचव्या दिवशी ती हात दाखवायला उभी नव्हती. वस्तीच्या अलीकडं एक वळण आहे. तिथं हॉर्न वाजवायचा नियम आहे, आणि चाँदभाई नियमानं आणि मनापासून वाजवायचे. आमच्या गाडीचा भोंगा एरंडाचं तेल प्यालेल्या रेड्यासारखा होता. तो वाजला आणि वळण घेतलं, तर रस्त्यावर शेळ्या. ती बाई लुगड्याच्या ओच्यातून बाभळीच्या शेंगा डांबरावर फेकत होती. उन्हाळ्यात पोत्यानं साठवलेल्या वाळक्या शेंगा. शेळी बाभळीच्या शेंगेपुढं देवाचंही ऐकत नाही.

चाँदभाईंनी ब्रेक मारला. बाई म्हणाली, "चर गं चर," आणि पोरगी शांतपणे दार उघडून आत आली.

"ओ बाई, शेळ्या काढा!" मी ओरडलो.

"काढते की," ती गाडीच्या टपाकडं बघत म्हणाली. "रस्ता वलांडत्यात त्या. मुकं जनावर, त्याला काय घाई हाय?"

पोरगी बसली तशा शेळ्या निघाल्या.

आठ दिवस हेच. चाँदभाई घायकुतीला आले. एक दिवस मला म्हणाले, "आता बगतोच. लांबूनच भोंगा वाजवतो. शेळ्या भिऊन पळतील, मंग सुसाट काढतो." त्यांनी अर्धा किलोमीटर आधीपासून भोंगा धरून ठेवला. आणि काय सांगू तुम्हाला! डाव्या बाजूच्या माळावर चरणाऱ्या सगळ्या शेळ्यांनी माना वर केल्या आणि उड्या मारत, एकमेकीला ढुशा देत, थेट रस्त्यावर. त्या दिवशी शेंगा नंतर पडल्या, शेळ्या आधी आल्या. भोंगा वाजला की शेंगा मिळतात, हे त्यांना आठ दिवसांत पाठ झालं होतं. चाँदभाई जितका भोंगा दाबायचे तितक्या शेळ्या गाडीच्या जवळ यायच्या. एक तर पुढचे दोन पाय बंपरवर ठेवून आत बघत होती.

"या अल्ला," चाँदभाई म्हणाले, "मी हिच्या शेळ्यांचा गुराखी झालो."

मग आम्ही नाद सोडला. गाडी थांबायची. पण नियमाप्रमाणे थांबत नव्हती, हे मला टोचत होतं, म्हणून मी दार स्वतः कधी उघडलं नाही. पोरगी उघडायची. माझ्या वहीत तो थांबा नव्हता आणि माझ्या हातानं ते दारही उघडलेलं नव्हतं. माणूस स्वतःशी किती लबाड असतो बघा.

बाई स्वतः गाडीत कधीच चढली नाही. तिला गाडीचा वास सोसत नसे. खिडकीशी उभी राहून पोरीला सूचना द्यायची, त्याही सगळ्या गाडीला ऐकू जातील अशा. "डबा समदा खायचा. मागल्या बाकावर बसायचं न्हाई. गुर्जीनं इचारलं तर येत न्हाई म्हनायचं, खोटं डोकं हालवायचं न्हाई." गुरुजी पुढच्या सीटवर बसून हे ऐकायचे आणि लाजायचे. तिला अक्षरओळख नव्हती. पण पोरीनं अभ्यास केला की नाही हे तिला बरोबर कळायचं. वहीचं पान उलटं करून ती मागून बोटं फिरवायची. "बालपेनानं दाबून लिवलं की मागनं खरबरीत लागतंय," असं तिनं एकदा गुरुजींना समजावलं. "हे पान बगा, गुळगुळीत. हितं ही झोपली व्हती." गुरुजींनी वही तपासली. खरंच, त्या पानावर पोरीनं अर्धी ओळ लिहून सोडून दिली होती.

नववीत असताना एक दिवस शेळ्या आल्या, पोरगी मात्र चढेना. बाई खिडक्यांवर काठी आपटत गाडीच्या कडेनं फिरली. "गुर्जी हायत का आत? रात्रीपासनं पोरीचं एक गनित अडलंय. बसून बसून डोळं लाल केलेत तिनं."

"बाई, शाळेत गेल्यावर सांगतो ना," गुरुजी म्हणाले.

"शाळेत साठ पोरं हायती तुमाला. हितं ही एकटीच हाय. सांगा."

गुरुजी खाली उतरले. रस्त्याच्या कडेला वही मांडीवर घेऊन वर्गसमीकरण सोडवायला लागले. तेवढ्यात बँकेचे कॅशियर उतरले, ते म्हणाले, चिन्ह चुकतंय. गुरुजी म्हणाले, तुम्ही नोटा मोजा. कॅशियर चिडले, त्यांनी खिशातून पेन काढलं. मग एका तंबाखू मळणाऱ्या पाटलांनी दोघांचंही चुकतंय असं सांगितलं, त्यांना समीकरण म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं तरी. निम्मी गाडी खाली. शेळ्यांच्या शेंगा संपल्या तशा त्या कॅशियरच्या पिशवीतली मेथी खायला लागल्या. चाँदभाईंनी इंजिन बंद करून बिडी पेटवली. सरतेशेवटी उत्तर आलं. पोरगी हसली आणि चढली.

"झालं का?" बाईनं गाडीला विचारलं. "जा मंग आता, कशाला हुबी हायस रिकामी!"

सात मिनिटं उशीर. डेपोतून मेमो आला : अमुक ठिकाणी रोज चार मिनिटं आणि अमुक तारखेला सात मिनिटं उशीर का, खुलासा करावा. मी खरं तेच लिहिणारा माणूस. लिहिलं : रस्त्यावर शेळ्या. साहेबांचा उलट कागद आला, शेळ्यांची संख्या कळवावी. मी दुसऱ्या दिवशी मोजल्या. बावीस. कळवलं. पुन्हा कागद : रोज त्याच शेळ्या असतात काय? लिहिलं, होय, त्याच असतात. पुन्हा : सात मिनिटांच्या दिवशी शेळ्या वाढल्या होत्या काय? मी लिहिलं, "शेळ्या बावीसच होत्या, त्याखेरीज वर्गसमीकरण एक."

त्या कागदानंतर साहेब स्वतः यायचे ठरले.

आम्ही गुरुजींकडून वस्तीवर निरोप धाडला की उद्या साहेब गाडीत आहेत, जरा जपून. दुसऱ्या दिवशी साहेब सफारी घालून पुढच्या सीटवर, चाँदभाईंच्या मागंच बसले. वळण आलं, भोंगा वाजला, शेळ्या धावल्या. साहेब म्हणाले, "थांबायचं नाही. दार उघडायचं नाही. पहिल्या गिअरमध्ये हळूहळू चालवत राहा. जनावर आपोआप बाजूला होतं. हे मी पुण्याला शिकलोय."

चाँदभाई गोगलगायीसारखी गाडी चालवू लागले. शेळ्या पुढं, गाडी मागं. साहेब काचेला नाक लावून शेळ्यांकडं बघत होते. मी मागं बघितलं. गाडीच्या मागं संकटकाळी बाहेर पडायचं दार असतं ना, ते उघडं होतं. मागच्या बाकावर बाजाराला निघालेल्या चार-पाच बायका होत्या, लेकुरवाळ्या, टोपल्यावाल्या. माय खालून पोरीला ढकलत होती आणि या बायका वरून तिला ओढत होत्या. एकीनं आपलं तान्हं लेकरू शेजारच्या म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवलं होतं. आधी दप्तर आलं, मग डबा, मग पोरगी. हे सगळं चालत्या गाडीत, पण गाडी अशी चालत होती की माय बाजूनं चालता चालता डबा नीट झाकला का तेही विचारत होती. एका बाईनं दार ओढून घेतलं आणि माझ्याकडं असं डोळे वटारून बघितलं की मी तोंड फिरवलं. मला काय, मी दोरीला हात लावलेला नव्हता.

शेळ्या बाजूला झाल्या. साहेब वळून म्हणाले, "बघितलं? थांबली का गाडी? उघडलं का दार?"

"नाही साहेब," मी म्हणालो. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. पुढचं दार उघडलेलं नव्हतं.

साहेबांनी डेपोत जाऊन अहवाल लिहिला : सदर ठिकाणी प्रत्यक्ष पाहणी केली, शेळ्यांचा अडथळा दूर झाला आहे, यापुढे त्या ठिकाणी उशीर होणे शक्य नाही. खाली सही, शिक्का. तो कागद सूचनाफलकावर लावला. लोक आईवर काय काय भाषणं करतात, हार-तुरे घालतात, मायेचा सागर म्हणतात. मला त्या दिवशीच्या मागच्या बाकावरच्या बायका दिसतात. त्यांची पोरं त्या शाळेत नव्हती. बऱ्याच जणींची कुठल्याच शाळेत नव्हती. तरी एकीनंही विचारलं नाही की हे काय चाललंय.

असं करत दहावी आली. मार्चमध्ये परीक्षा. सिरसाळ्याच्या शाळेचं केंद्र त्या वर्षी तिथून पुढं चार किलोमीटर, मुख्य रस्त्यापासून आत असलेल्या एका गावात होतं. गावाचं नाव घेत नाही, तिथं माझे पाहुणे राहतात. पहिले पेपर बरे गेले. गणिताच्या पेपरच्या दिवशी आमची गाडी घाटात पंक्चर झाली. स्टेपनी काढली तर तिच्यातही हवा नाही. मी घड्याळाकडं बघत घाटात येरझाऱ्या घालत होतो. अकराला पेपर. अर्ध्या तासाच्या वर उशीर झाला की आत घेत नाहीत. एक पेपर बुडाला म्हणजे पोरगी नापास, आणि ओट्यावर म्हातारी बसलेलीच. पोरीचा बाप तर लग्नाची बोलणी करायला मेंढरं सोडून परत आला होता. तीन वर्षं त्या बाईनं ओढत आणलेलं सगळं एका फुटक्या टायरमुळं जाणार होतं, आणि ते टायर आमचं होतं. मला इतकं वाईट वाटलं की मी गुरुजींसमोर टायरला लाथ मारली. पाय आठ दिवस सुजला होता.

एका ट्रकवाल्याच्या हातापाया पडून चाक बसवलं. वस्तीच्या वळणावर आलो तेव्हा अकरा वाजून दोन मिनिटं झाली होती. चाँदभाईंनी भोंगा दाबला. शेळ्या आल्या. त्यांच्यामागून मायलेकी पळत आल्या. पोरगी रडून रडून सुजली होती.

"दुसऱ्या गाडीला हात का दाखवला नाही?" मी ओरडलोच.

तेव्हा बाई पहिल्यांदा गाडीशी नाही, माझ्याशी बोलली. "मास्तर, दोन जीपा गेल्या. टपापासनं भरलेल्या, थांबंनात. शेंगा टाकल्या, शेळ्या माळावरनं येईनात. त्यांच्या भोंग्याची वळख न्हाई की शेळ्यांला! तुमच्याच भोंग्यावर शिकवल्यात म्या. चालत निघावं तर मागनं तुमी याल. माजंच चुकलं. सगळ्या भोंग्यांवर शिकवाया पायजे व्हत्या."

मी दार उघडलं. माझ्या हातानं. पोरगी चढली आणि तिच्यामागून मायही. नाकाला पदर लावून ती चाँदभाईंच्या शेजारी उभी राहिली, काठी हातात धरून.

"हाकल," ती म्हणाली.

"शेळ्या?" चाँदभाईंनी विचारलं.

"त्या बसत्यात. तू हाकल. हैक! हैक!"

दोन वर्षं नऊ महिने आमच्या गाडीवर 'जलद' लिहिलेलं होतं. त्या दिवशी ती झाली. सिरसाळ्याच्या स्टँडवर आम्ही शिरलोच नाही. उतरायला उठून उभी राहिलेली माणसं तशीच उभी राहिली. कॅशियर बँकेसमोरून बँकेकडं बघत पुढं गेले आणि ओरडले, "चालू द्या, मी अर्धा दिवस रजा टाकतो!" एक म्हातारा व्याह्यांकडं सुपारी फोडायला चालला होता, त्याला फाट्यावर उतरायचं होतं. त्याला आम्ही परीक्षेला घेऊन गेलो. बाई काठीनं चाँदभाईंच्या सीटला टोचत होती आणि मधूनच गाडीच्या पत्र्यावरून हात फिरवून म्हणत होती, "चल माजी बाय, चल." तिची ती उमाळ्यानं बोलण्याची पहिलीच वेळ.

मुख्य रस्ता सोडून गाडी त्या गावाच्या वाटेला लागली. शाळेच्या भवती जत्रा भरली होती. भिंतीवर पोरं, झाडावर पोरं, खिडक्यांना दोऱ्या बांधून आत चिठ्ठ्या पोचवणारे काके-मामे. त्यांनी बघितलं की सरकारी लाल गाडी, जी या गावात कधी येत नाही, धुरळा उडवत थेट शाळेच्या फाटकात आली. पुढून पांढऱ्या शर्टातले गुरुजी उतरले, काखेत फाईल. मागून मी, खाकी कपड्यात. माझ्यामागं पन्नास माणसं.

"पथक आलं रे! अख्खी गाडी भरून पथक आलं!"

असा गोंधळ मी जन्मात बघितला नाही. भिंतीवरची पोरं पलीकडच्या ओढ्यात. एक मामा झाडावरच राहिला, त्याला उतरता येईना. आणि वर्गांच्या सगळ्या खिडक्यांतून चिठ्ठ्या, फाडलेली पानं, आख्खी गाईडं भदाभदा बाहेर पडायला लागली. फाटकातल्या हवालदारानं सुपारी फोडायला निघालेल्या म्हाताऱ्याला कडक सलाम ठोकला, कारण सगळ्यांत मोठा फेटा त्याचाच होता. म्हाताऱ्यानंही सवयीनं हात वर केला. केंद्राचे मुख्य घामाघूम होऊन धावत आले, "या साहेब, या," करत. गुरुजींनी काही न बोलता पोरीला पुढं केलं. अकरा वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. मुख्यांनी स्वतः तिला बाकावर नेऊन बसवलं आणि प्यायला पाणी दिलं.

बाई मैदानात लिंबाखाली बसली. थोड्या वेळानं उठून तिनं पडलेले कागद गोळा करायला सुरुवात केली. पदराचं गाठोडं झालं.

"हे कावून टाकून दिलं लोकांनी?" तिनं विचारलं.

गुरुजींनी सांगितलं की यात उत्तरं असतात, बघून लिहितात.

बाईनं गाठोड्याकडं बघितलं, मग वर्गाच्या खिडकीकडं. मला वाटलं, आता हिच्या मनात येईल की एखादं पान आत पोचवावं. तिनं गाठ आणखी घट्ट मारली. "वंगाळ," ती म्हणाली. "पर शेळ्यांला चालतंय. सकाळपासनं उपाशी हायती."

मला मेमो आला, यायलाच पाहिजे होता. दोन तास उशीर, मार्ग सोडून गाडी नेली. चौकशीत मी सरळ लिहिलं की अमुक वस्तीपाशी शेळ्यांमुळं गाडी थांबली आणि पुढचं सगळं त्यातून झालं. साहेबांनी ते वाचलं, फलकावरचा स्वतःचा अहवाल वाचला, आणि बराच वेळ शिक्क्याकडं बघत बसले. त्या ठिकाणी शेळ्या असणं शक्य नाही, असं त्यांनीच लिहून दिलं होतं. शेवटी त्यांनी शेरा मारला, "टायर." तेवढ्यावर मिटलं.

जूनमध्ये निकाल लागला. गुरुजींनी तो संध्याकाळीच वस्तीवर पोचवला होता, पण दुसऱ्या दिवशी ते आधीच्या गाडीनं शाळेत गेले, त्यामुळं आम्हाला काही कळलं नव्हतं. वळणावर चाँदभाईंनी भोंगा वाजवला तो अगदी हळू, भीतभीत. शेळ्या आल्या. त्यांच्यामागं बाई एकटीच उभी होती. पोरगी नव्हती. कॅशियरनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुसायला घेतला. मी खाली उतरलो.

"पास झाली," ती म्हणाली. मग तिला वाटलं मागच्यांना ऐकू गेलं नसेल, म्हणून काठी टेकून टाचा वर करून ओरडली, "पास झाली वं! गनितात बासष्ट! तिच्या बापानं सोता म्हनलं, आकरावीला घाला. गुर्जी वसतिगृहाचं बगनार हायती परळीला."

गाडीत एकच कल्ला झाला. चाँदभाईंनी आनंदानं भोंगा दाबून धरला आणि शेळ्या येऊन चाकांना भिडल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवत नाही. पहिले चार दिवस डबल बेल मीच मारली होती.

"संगीता कुठाय?" मी विचारलं.

"झोपलीया."

"आत्ता? साडेनऊला?"

"तीन वर्सं कोंबड्याच्या आधी उठवली तिला. आज म्हनलं निजू दे. शेजारीन टीव्ही लावाया लागलीती, तिला जाऊन सांगून आले, माजी पोरगी निजलीया, बंद कर."

मी परत चढायला वळलो तर तिनं काठी आडवी धरली. "थांबा की. आजच सांगून ठिवते, मागनं कटकट नको. सोमवारपासनं धाकटी यील. आठवीला गेलीया. तिच्या मागं एक पाचवीत हाय, आन् शेंडेफळ आजून बालवाडीत."

खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकणाऱ्या चाँदभाईंनी बोटं मोजली, पुन्हा मोजली. "बाई," ते म्हणाले, "माझी नोकरी सातच वर्सं उरली."

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "जाताना मागनं येनाऱ्या डायवरला भोंगा तेवढा हाच ठिवायला सांगून जावा."

आणि तिनं शेळ्या बाजूला घेतल्या.